सायलेन्सरच्या तोंडाचा रंग

रत्नागिरीसारख्या गावात श्रावण सरत आला, की घरोघर रंगाचे डबे उघडले जातात. गणपतीसाठी ओटीच्या भिंती, खिडक्यांचे गज, फाटकाची लोखंडी चौकट असे एकेक काम उरकत जाते आणि डब्याच्या तळाशी थोडा रंग उरतोच. उरलेला रंग फुकट घालवायचा नाही, हा कोकणी माणसाचा बाणा. हायस्कूलमधून निवृत्त झालेल्या एका शिक्षकांनी असाच फाटकाचा उरलेला सिल्व्हर रंग आपल्या वीस वर्षांच्या मारुती ८००च्या सायलेन्सरला लावला. मागून दिसणारे नळीचे टोक तांबूस आणि खवलेदार झाले होते. रंगाचे दोन हात बसल्यावर ते असे चकाकले, की शेजाऱ्यांनी ‘नवा बसवलात वाटतं?’ म्हणून चौकशी केली.

महिन्याभरात ही चकाकी संपली. नवरात्राच्या आधी सर सहकुटुंब कोल्हापूरला अंबाबाईच्या दर्शनाला जाऊन आले. परतल्यावर पाहतात तो काय, रंगाला फोड आलेले, मधूनमधून तो करपून तपकिरी झालेला आणि कडेचे पापुद्रे नखाने निघू लागलेले. गाडी गॅरेजमध्ये गेली. तिथला मिस्त्री सरांचाच जुना विद्यार्थी. त्याने वाकून टोकाकडे पाहिले.

“सर, हा फाटकाचा सिल्व्हर ना?”

“हो. अर्धा डबा उरला होता. का रे?”

“फाटक तापत नाही, सर.”

मिस्त्रीचे उत्तर खरे होते, पण अर्धे होते. उरलेले अर्धे त्याने गाडी जॅकवर चढवल्यावर सांगितले. ते पुढे येईलच. आधी रंगाचे पाहायला हवे, कारण सरांसारखी चूक करणारे गाडीमालक इंदूरलाही आहेत, बडोद्यालाही आहेत आणि हैदराबादलाही. गाडीचे बाकी सगळे अंग कारखान्यातून भट्टीत भाजलेला रंग लेवून येते. सायलेन्सरच्या वाट्याला मात्र घरी सापडेल तो डबा येतो.

टोक किती तापते?

इंजिनातून जळका वायू बाहेर पडतो, तेव्हा जोरात चालणाऱ्या पेट्रोल गाडीत तो ७००-८०० अंश सेल्सिअसच्या घरात असतो. तिथून तो गाडीच्या पोटाखालून, सायलेन्सरच्या डब्यातून मागे येईपर्यंत थंड होत जातो. गावातल्या सावकाश चालीत मागच्या टोकाचा पत्रा साधारण १०० ते १५० अंशांच्या आसपास राहतो. भरलेली गाडी घाट चढत असेल, तर तोच २००-२५० अंशांकडे सरकतो. पोळी भाजताना तवा सुमारे २०० अंशांवर असतो. म्हणजे फाटकाचा रंग तव्याला फासावा आणि त्यावर रोज पोळ्या भाजाव्यात, असा सरांचा तो उद्योग होता.

सिल्व्हर रंगात मुख्यतः दोन गोष्टी असतात. एक म्हणजे ॲल्युमिनियमची पापुद्र्यासारखी बारीक भुकटी आणि दुसरी म्हणजे त्या भुकटीला पत्र्यावर धरून ठेवणारी राळ. ॲल्युमिनियम ६६० अंशांवर वितळते, त्यामुळे त्याला घाटाची पर्वा नसते. करपते ती राळ. साध्या इनॅमल रंगातली राळ १०० अंशांच्या आसपास पिवळी पडू लागते, पुढे ठिसूळ होते आणि मग तिने धरलेली चांदी गळून पडते. रंग चांदीचा दिसतो म्हणून तो उष्णता सोसणारा, हा गैरसमज फार जुना आहे आणि हार्डवेअरच्या दुकानात तो कोणी दूर करत नाही.

अलीकडच्या डिझेल गाड्यांची गोष्ट थोडी निराळी आहे. एप्रिल २०२०पासून देशभर बीएस-६ नियम लागू झाले आणि डिझेल मोटारींच्या धुराच्या वाटेवर काजळी अडवणारी गाळणी आली. ही गाळणी भरली की गाडी आपोआप तिच्यातली काजळी जाळून टाकते आणि त्या वेळी गाळणीच्या आत तापमान ६०० अंशांच्या जवळ जाते. अशा वेळी मागच्या टोकातूनही नेहमीपेक्षा बरीच गरम हवा येते. म्हणून अशा गाडीच्या टोकाला काही लावायचेच असेल, तर ते अव्वल प्रतीचेच लावावे. २०० अंशांच्या रंगाने इथे भागत नाही.

डब्यावरचा आकडा

बाजारात उष्णतारोधक म्हणून मिळणाऱ्या रंगांवर मोठमोठे आकडे छापलेले असतात. खरेदी करताना आकड्याच्या पुढचे अक्षर आधी पाहावे. काही डब्यांवर, विशेषतः परदेशी स्प्रेवर, आकडा फॅरनहाइटमध्ये असतो. १२०० फॅरनहाइट म्हणजे सुमारे ६५० सेल्सिअस. ते ठीक आहे. पण ‘५००’ असे ठळक छापून पुढे बारीक ‘एफ’ असेल, तर तो रंग २६० सेल्सिअसच्याच ताकदीचा असतो. शिवाय हा आकडा सतत सोसायच्या उष्णतेचा आहे, की थोडा वेळ सोसायच्या, हेही बहुतेक डब्यांवर लिहिलेले असते. वाचायचा कंटाळा न केल्यास सापडते.

मोटारीच्या टोकासाठी खरा उपयोगी पडतो तो सिलिकोन राळेचा रंग. तो चांदीच्या छटेत आणि काळ्या मॅट छटेत मिळतो; डब्यात मिळतो, तसा स्प्रेमध्येही. साध्या राळेचा कणा कार्बनचा असतो, सिलिकोनचा कणा सिलिकॉन आणि ऑक्सिजनचा. ही जोडी उष्णतेला सहजासहजी दाद देत नाही. वाळू आणि काच हीसुद्धा याच जोडीची मंडळी आहेत, एवढे सांगितले म्हणजे पुरे. असा चांगला रंग ६०० अंशांपर्यंत टिकतो. टोकाच्या २५० अंशांसाठी तो गरजेपेक्षा जास्तच झाला, असे कोणालाही वाटेल.

पण इथेच एक गंमत आहे आणि पुष्कळांचे पैसे याच ठिकाणी वाया जातात. सिलिकोनचा रंग हवेवर नुसता सुकतो, पक्का होत नाही. पक्का होण्यासाठी तो भाजावा लागतो. साधारण २०० अंश किंवा त्याहून अधिक उष्णता त्याला अर्धा-पाऊण तास मिळावी लागते. काही रंगांना तीन टप्प्यांत वाढवत नेत ३०० अंशांपर्यंत न्यावे लागते. मोटारसायकलची इंजिनाजवळची वाकडी नळी चांगली सणसणीत तापते, त्यामुळे तिथे हा रंग आठ-पंधरा दिवसांच्या वापरात आपोआप भाजला जातो आणि सुरेख बसतो. मोटारीचे मागचे टोक मात्र गावातल्या गावात तेवढे तापतच नाही. साध्या रंगाला जाळायला पुरेल इतके ते गरम, पण चांगल्या रंगाला पिकवायला लागेल तितके गरम नाही, अशी ही मधल्या मधली अडचण. मग महागाचा रंग लावूनही तो बोटाला लागतो, पेट्रोलचा ओघळ आला तर मऊ पडतो आणि गाडी धुणाऱ्या पोराच्या फडक्याबरोबर निघून जातो. मालक रंगाला शिव्या देतो. रंगाचा बिचाऱ्याचा दोष एवढाच, की तो कच्चा राहिलेला असतो.

यावर उपाय आहे. टोक सुटे होणारे असेल, तर ते काढून रंगवावे आणि पेंटरच्या किंवा पावडर कोटिंगवाल्याच्या भट्टीत भाजून घ्यावे. (घरातल्या केकच्या ओव्हनमध्ये भाजण्याची कल्पना ज्या कोणाला सुचेल, त्याने ती घरच्या मंडळींना विचारून पाहावी. रंगातून निघणारा धूर ओव्हनला चिकटतो आणि पुढच्या खाण्यात उतरू शकतो, म्हणून तो बेत सोडून दिलेलाच बरा.) टोक सुटे होत नसेल, तर गॅरेजमध्ये गरम हवेची गन असते, तिने सावकाश, फिरवत फिरवत शेकावे. तेही जमणार नसेल, तर रंग पूर्ण सुकल्यावर गाडी महामार्गावर तासभर चांगल्या वेगात चालवून आणावी. गॅरेजचे दार लावून, गाडी जागच्या जागी चालू ठेवून रंग भाजण्याचा प्रयत्न मात्र कोणीही करू नये. एक तर जागच्या जागी टोक पुरेसे तापत नाही आणि बंद जागेत धुराने जिवावर बेतते.

रंगापेक्षा घासणे मोठे

रंगाची निवड बरोबर झाली, तरी तो खाली काय धरून बसतो यावर सगळे अवलंबून असते. गंजावर लावलेला रंग गंजालाच चिकटतो आणि गंज पत्रा सोडतो तेव्हा रंगही त्याच्याबरोबर जातो. म्हणून आधी तारेच्या ब्रशने खवले काढावेत, मग १२० नंबरच्या कागदाने आणि नंतर २२०च्या कागदाने घासून पत्रा उजळ करावा. थिनरमध्ये भिजवलेल्या स्वच्छ फडक्याने पुसून घ्यावे. रॉकेलने पुसायची सवय पुष्कळ गॅरेजांत आहे, पण रॉकेल मागे तेलकट थर सोडते आणि त्यावर कोणताच रंग नीट बसत नाही. पुसल्यावर उघड्या बोटांनी हात लावू नये. बोटांचे तेलही पुरेसे असते.

आणखी एक सवय सोडण्यासारखी आहे. लोखंड म्हटले, की पेंटरचा हात आपोआप रेड ऑक्साइडकडे जातो. फाटकाला ते उत्तम. सायलेन्सरला नको. रेड ऑक्साइडची राळ साध्या रंगासारखीच करपते आणि वरचा ६०० अंशांचा रंग खालच्या १०० अंशांच्या पायावर उभा राहतो. चांगला उष्णतारोधक रंग बहुधा थेट उजळ पत्र्यावरच लावायचा असतो, नाहीतर त्याच कंपनीचा त्याच ताकदीचा प्रायमर त्याखाली लागतो. खड्डे बुजवायची पेंटरची लांबी किंवा घरात नळाच्या गळतीला लावायची इपॉक्सी इथे कामाची नाही.

हात पातळ द्यावेत. लोखंडी नळी तापली की वाढते. मीटरभर नळी २०० अंशांनी तापली, तर जवळजवळ अडीच मिलिमीटर लांब होते आणि थंड झाली की पुन्हा आखडते. रंगाला तिच्याबरोबर रोज हे येणे-जाणे करावे लागते. पातळ थर ते निभावतो, जाड थराला तडे जातात किंवा त्याच्या पोटात अडकलेल्या थिनरची वाफ होऊन फोड येतात. दोन पातळ हात दिले, तर दोन्ही मिळून थर माणसाच्या केसाच्या जाडीइतकाही होत नाही आणि तेवढाच बरोबर असतो. ‘अजून एक हात मारून टाक’ हा आग्रह पंगतीत शोभतो.

हवामानही पाहावे लागते. हवेत दमटपणा ८५ टक्क्यांच्या वर असेल, तर धातूवर रंग लावू नये, असा रंगकामाचा साधा संकेत आहे. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यातले बहुतेक दिवस यातच मोडतात. घासून उजळ केलेला पत्रा अशा हवेत संध्याकाळपर्यंत पुन्हा तांबूस होतो. म्हणजे गणपतीच्या आधीचा मुहूर्त ओटीला चांगला, सायलेन्सरला वाईट. हे काम एप्रिल-मे महिन्यांत किंवा दिवाळीनंतर करावे.

घासताना एकच खबरदारी. कारखान्यातून येणारे पुष्कळसे सायलेन्सर ॲल्युमिनियमचा थर चढवलेल्या पत्र्याचे असतात. हा मळकट करडा, किंचित खडबडीत थर गरम ॲल्युमिनियमच्या रसात पत्रा बुडवून चढवलेला असतो आणि कोणत्याही डब्यातल्या रंगापेक्षा तो सरस असतो. तो दिसायला रुक्ष म्हणून घासून काढणे आणि त्या जागी रंग लावणे, हे सोन्याचा मुलामा खरवडून पितळी रंग देण्यासारखे आहे. असा थर शाबूत असेल, तर पाण्याने धुऊन तसाच राहू द्यावा.

क्रोम, स्टील आणि सिरॅमिक

रंगाच्या भानगडीत न पडता चकचकीत तयार टोक बसवण्याकडे हल्ली बऱ्याच तरुण मालकांचा कल असतो. दुकानात ते ‘स्टील’ म्हणून दाखवले जाते. खिशात एखादे छोटे चुंबक ठेवून जावे. चुंबक घट्ट चिकटले, तर बहुधा ते साध्या लोखंडावर निकेल-क्रोमचा मुलामा दिलेले असते. शोभेच्या मुलाम्यातला क्रोमचा थर एका मायक्रॉनहूनही पातळ असतो. गंजापासून खरे रक्षण करतो तो त्याखालचा निकेलचा थर. स्वस्त वस्तूत निकेलमध्येच हात आखडता घेतलेला असतो. मग समुद्राकाठच्या गावात दोन पावसाळ्यांत त्यावर सुईच्या टोकाएवढे तांबडे ठिपके उमटतात आणि आतून मुलामा उचलला जातो. त्यावर पुन्हा रंग लावायचा म्हटले, तर क्रोमवर रंग बसत नाही. सगळा मुलामा काढावा लागतो.

चुंबक चिकटले नाही, म्हणजे ते भांड्यांवर ‘१८/८’ छापलेले असते त्या जातीचे, म्हणजे ३०४ नंबरचे स्टील असेल. ‘असेल’ म्हणायचे कारण असे, की कमी निकेल घातलेले २०० मालिकेतले स्वस्त स्टीलही चुंबकाला दाद देत नाही आणि खाऱ्या हवेत ते लवकर डागाळते. खात्रीच्या दुकानातून, पावतीवर नंबर लिहून घ्यावा. उलट, गाडीच्या मूळ सायलेन्सरला वापरतात ते ४०९ नंबरचे स्टील चुंबकाला चिकटते. त्यात क्रोमियम ११ टक्क्यांच्या आसपास असते. वरून ते तांबूस पडते, पण ही तांब वरवरची असते. पत्रा लवकर फुटत नाही. अशा नळीवर तांब दिसली म्हणून घाबरून जाऊ नये.

सिरॅमिक लेप ही सगळ्यांत टिकाऊ निवड आहे. पत्रा वाळूच्या माऱ्याने साफ करून हा लेप फवारतात. बहुतेक जातींचा भट्टीत भाजतात, काहींचा हवेवरच पक्का होतो. हवेवर पक्का होणारा लेप मोटारीच्या टोकाची वर सांगितलेली अडचणच मिटवून टाकतो. मात्र काम जाणकाराकडूनच करून घ्यावे लागते आणि खर्च रंगाच्या कितीतरी पट. जुन्या गाडीच्या वीतभर टोकासाठी तो करावा, असे म्हणवत नाही. नेहमीचे पावडर कोटिंग, जे खिडक्यांच्या चौकटींना आणि सायकलींना करतात, ते मुळात १८०-२०० अंशांवरच पिघळवून बसवलेले असते. ते टोकाला दिले, तर पहिल्या घाटातच मऊ पडून धूळ धरते. उष्णतेसाठीची निराळी सिलिकोन पावडर असते. ती आहे का, हे विचारल्याशिवाय काम देऊ नये.

टकटक करून पाहावे

आता मिस्त्रीच्या उत्तराचा उरलेला भाग. गाडी जॅकवर चढवून, खाली टेकू लावून त्याने स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने सायलेन्सरच्या डब्यावर ठोकायला सुरुवात केली. पुढच्या बाजूला ‘टण्’ असा आवाज आला. मागच्या बाजूला, सिल्व्हर रंगाखाली, ‘भद्’ असा. तिथे त्याने जरा जोर दिला आणि स्क्रूड्रायव्हरचे टोक बिस्किटात जावे तसे आत गेले.

हा गंज बाहेरून आलेला नव्हता. पेट्रोल जळते तेव्हा धुराबरोबर पाणीही तयार होते आणि ते थोडेथोडके नसते. एक लिटर पेट्रोल जळले, की जवळजवळ लिटरभर पाणी वाफेच्या रूपाने बाहेर पडते. थंडीच्या सकाळी गाडी सुरू केल्यावर नळीतून पाण्याचे थेंब टपकतात, ते हेच. गाडी लांबवर गेली, सायलेन्सर नीट तापला, की हे पाणी वाफ होऊन निघून जाते. पण घर ते बाजार, बाजार ते देऊळ अशा दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्यांमध्ये सायलेन्सर तापायच्या आधीच गाडी बंद होते. मग पाणी डब्यात साचते. धुरातले आम्ल त्यात मिसळते आणि पत्रा आतून खाल्ला जातो. पूर्वी इंधनात गंधक जास्त असे, तेव्हा हे फार जलद होई. २०२०पासून मिळणाऱ्या बीएस-६ इंधनात गंधकाची मर्यादा दहा लाख भागांत १० भाग इतकी खाली आली आहे, त्यामुळे आम्ल कमी झाले. पाणी मात्र तेवढेच आहे. सरांची गाडी निवृत्तीनंतर बहुतेक बाजार आणि देवळापुरतीच चाले. वर्षभर कमी वापरलेल्या गाडीचा सायलेन्सर रोज लांब धावणाऱ्या गाडीच्या आधी कुजतो, हे कित्येकांना पटत नाही.

त्यात सरांकडून आणखी एक गोष्ट घडली होती. पुष्कळ सायलेन्सरांच्या डब्याला तळाशी कारखान्यातूनच एक बारीक भोक ठेवलेले असते. साचलेले पाणी त्यातून गळून जावे, हा त्याचा उद्देश. गेल्या वर्षी सरांना त्या भोकातून पाणी ठिबकताना दिसले. गळती समजून त्यांनी रस्त्यावरच्या वेल्डरकडून टिपका मारून ते बुजवून घेतले. त्या दिवसापासून पाण्याची वाटच बंद झाली. रंगाचे जाड हात देतानाही अशी भोके बुजतात, म्हणून रंगवण्याआधी त्यात काडेपेटीची काडी खोचून ठेवावी आणि नंतर काढून घ्यावी.

मिस्त्रीने मग विचारले, “कोल्हापूरला जाताना मागं कोणाला त्रास झाला का?”

सर चमकले. आंबा घाटात नातीने उलटी केली होती. गाडी लागली असेल, म्हणून कोणी मनावर घेतले नव्हते. पण त्याच वेळी मागे बसलेल्या सूनबाईंचे डोके जड झाले होते आणि ज्यांना उभ्या आयुष्यात कधी गाडी लागली नाही, त्या सरांच्या पत्नीसुद्धा डोळे मिटून बसल्या होत्या. पाऊस असल्यामुळे मागच्या काचा वर होत्या. सर पुढे गाडी चालवत होते, त्यांची काच चार बोटे उघडी होती. त्यांना काहीच जाणवले नाही. मलकापूरला चहाला उतरल्यावर मोकळ्या हवेत तिघीही पंधरा-वीस मिनिटांत ताज्यातवान्या झाल्या. नातेवाइकांसाठी घेतलेले नारळांचे पोते मागे बसेना, म्हणून डिकीचे झाकण सुतळीने अर्धवट बांधलेले होते.

फुटक्या सायलेन्सरचा धूर गाडीच्या पोटाखाली पसरतो. जुन्या गाडीच्या तळाला गंजाची भोके असतात, रबरी बुचे निघालेली असतात, तिथून तो आत शिरतो. डिकी उघडी असेल, तर धावत्या गाडीच्या मागे जी हवा भोवऱ्यासारखी फिरते, ती धुरासकट आत ओढली जाते. या धुरातला कार्बन मोनॉक्साइड हा वायू दिसत नाही आणि त्याला वास नसतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो, त्यामुळे रक्तात प्राणवायूला जागाच उरत नाही. आधी डोके जड होते, मळमळते, मग सुस्ती येते. सुस्ती आली, की माणूस काच उघडायच्याही स्थितीत राहत नाही. लहान मुलांचा श्वास जलद चालतो, म्हणून त्यांना त्रास आधी होतो. धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गाडीला असला, तरी गार इंजिनात तो काम करत नाही आणि वीस वर्षांच्या गाडीत त्याची ताकद किती उरली आहे, याचा भरवसा नसतो.

गाडी लागणे आणि हा त्रास, यांत फरक ओळखता येतो. गाडी बहुधा एकाला लागते. हा त्रास एकाच वेळी दोघा-तिघांना होतो, ज्यांना कधीच गाडी लागत नाही त्यांनाही होतो आणि खाली उतरून मोकळ्या हवेत गेले, की लवकर कमी होतो. असे वाटले, तर गाडी ताबडतोब थांबवून सगळ्यांनी बाहेर यावे. कोणी गुंगीत असेल, तर उलटी म्हणून लिंबू चघळायला देत न बसता थेट डॉक्टरांकडे न्यावे आणि धुराचा संशय त्यांना सांगावा. डिकी उघडी ठेवून नेण्यावाचून गत्यंतर नसेल, तर पुढच्या काचा उघड्या ठेवाव्यात आणि पंखा बाहेरची हवा आत घेईल असा लावावा. खरे म्हणजे नारळ एसटीने पाठवणे उत्तम.

सरांच्या टोकावरचा तो सिल्व्हर पापुद्रा निघाला, हे एका अर्थी बरेच झाले. रंग टिकला असता, तर गाडी गॅरेजमध्ये गेलीच नसती आणि रंगाखालचे भोक पुढच्या प्रवासापर्यंत तसेच राहिले असते. म्हणून टोकाला काय लावावे, हा प्रश्न पडेल तेव्हा आधी गार गाडीचा सायलेन्सर पुढून मागून ठोकून घ्यावा आणि इंजिन उघड्यावर चालू करून कुठे फुसफुस ऐकू येते का, ते मिस्त्रीकडून तपासून घ्यावे. पीयूसी तपासणीच्या वेळी नळीत जी कांडी घालतात, ती फक्त टोकातून येणारा धूर मोजते. वाटेतल्या भोकातून निसटलेला धूर तिला कळत नाही. ताजे प्रमाणपत्र हाती असणे म्हणजे सायलेन्सर धड असणे, असे समजू नये.

सरांनी सायलेन्सरचा डबा बदलून घेतला. तळाची तीन रबरी बुचे नवी बसवली. नव्या डब्याला ॲल्युमिनियमचा थर होता, त्याला मिस्त्रीने रंग लावू दिला नाही. जोडाच्या मागे उरलेली जुनी नळी धड होती, तिचे टोक घासून काळ्या मॅट सिलिकोन रंगाचे दोन पातळ हात दिले, तेही दिवाळी उलटल्यावर, कोरड्या हवेत. आणि गरम हवेच्या गनने शेकून काढले. आता सर आठवड्यातून एकदा हातखंब्यापर्यंत आणि परत अशी फेरी मारून येतात. गणपतीपुळ्याला जाऊन आले, की गाडीच्या पोटाखाली गोड्या पाण्याची नळी धरतात.

फाटकाच्या सिल्व्हरचा उरलेला पाव डबा त्यांनी परसातल्या विहिरीच्या पंपाच्या पाइपाला लावून संपवला. तो पाइप बारा महिने थंडगार असतो.